चिकित्सक साक्षरता शिकवणारी प्राध्यापक व्हायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही भिवापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत नऊ वर्षं शिकवता. एम.ए. मराठी आणि एम.एड. झालं आहे. एका प्रशिक्षणात ‘क्रिटिकल लिटरसी’ (चिकित्सक साक्षरता, म्हणजे मजकूर कुणी आणि कशासाठी लिहिला हे तपासत वाचणं) हा शब्द कानावर पडला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. नागपुरात राहून या विषयातली प्राध्यापक होता येईल का, त्यासाठी हातची नोकरी सोडावी का, इंग्रजी कच्चं असताना हे सगळं वाचायचं कसं, आणि घरचे म्हणतात ते खरं का, की जिथे पोरांना धड वाचता येत नाही तिथे ही चिकित्सा कशाला.

मी सहा वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यानंतरची सव्वीस वर्षं नागपुरात बी.एड., एम.एड.चे वर्ग घेते आहे. घरच्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मुलाखतीत, पीएच.डी.च्या मौखिकीत, तुमच्या केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत तुम्हाला हाच प्रश्न जन्मभर विचारला जाणार आहे आणि त्याचं उत्तर तुमच्यापाशी पक्कं नसेल तर बाकी काहीच उभं राहणार नाही.

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या ॲलन ल्यूक आणि पीटर फ्रीबॉडी यांनी १९९० साली वाचणाऱ्या माणसाची चार कामं मांडली. अक्षरं उकलायची. अर्थ लावायचा. मजकूर कामी आणायचा, म्हणजे एसटीचा फलक वाचून गाडी पकडायची, अर्ज भरायचा. आणि चौथं, हा मजकूर कुणी, कुणासाठी, काय साधायला लिहिला, त्यात काय ठळक केलं आणि काय गाळलं, हे पाहायचं. मांडणाऱ्यांनी या चारांना एकावर एक पायऱ्या म्हटलेलं नाही. आपल्याकडे मात्र त्या पायऱ्या होऊन बसल्या आहेत. आधी अक्षरं, मग अर्थ, आणि चौथी पायरी कॉलेजात गेल्यावर कधीतरी. ज्यांची मुलं कॉलेजपर्यंत पोचतच नाहीत त्यांच्या वाट्याला ती येतच नाही.

५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत हे लहान मुलांच्या वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं. तिसरी संपताना मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ कळून वाचावेत हे त्यातलं एक लक्ष्य आहे. मी या लक्ष्याच्या बाजूची आहे. पाचवीतल्या मुलाला ‘शाळा’ वाचायला अर्धं मिनिट लागत असेल तर त्याच्यासमोर सत्ता आणि विचारसरणीच्या गप्पा मारणं हा अन्याय आहे. पण अडखळत वाचणाऱ्या मुलालाही मजकुराबद्दल मत असतं. बिस्किटाच्या पुड्यावर मूल गुबगुबीत का काढलंय, हे पहिलीतलं पोरगंही सांगतं. चौथं काम पहिल्या कामासोबत चालतं. खरं सांगायचं तर त्यानं पहिल्या कामाला बळ येतं, कारण मुलाला मग वाचावंसं वाटतं.

एक पाठ सांगते. काटोलकडचा एक छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात) आठवीवर होता. त्याच्या घरी कापूस आणि थोडा संत्र्याचा बगीचा. मी वर्गाला सांगितलं होतं की पाठ्यपुस्तकाबाहेरचा, मुलांच्या घरात खरोखर असलेला एक मजकूर आणा. त्यानं फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या लेबलाचा फोटो काढून त्याच्या मोठ्या प्रती आणल्या. डबा आणायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं. तुम्हीही कधी आणू देऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मुलांच्या घरोघरी ठाऊक होतं. त्यामुळे वर्ग गप्प होता, पण ती गप्प बसण्याची शांतता वेगळी होती.

त्यानं पहिला प्रश्न विचारला, सगळ्यात मोठं अक्षर कोणतं? कंपनीनं औषधाला दिलेलं नाव. मग, सगळ्यात बारीक काय? सूचना. एका पोरानं पट्टी लावून दोन्ही मोजली आणि फळ्यावर आकडे लिहिले. मग लेबलावरची ती तिरकी ठेवलेली चौकट. तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. बावीस मुलांपैकी तिघांनाच हे माहीत होतं. ‘हिरवा म्हणजे पिकाला चांगला’ असं एक मुलगी म्हणाली तेव्हा छात्राध्यापकानं तिला चूक म्हटलं नाही. त्यानं विचारलं, असं तुला का वाटलं? ती म्हणाली, ‘सर, हिरवं म्हणजे चांगलंच असते ना.’ रंगाची भाषा ठरवणाऱ्यानं एक अर्थ धरला आणि वावरात उभ्या असलेल्या माणसानं दुसरा. ज्याला चौथं काम म्हणतात ते एवढंच, आणि ते तिथे त्या बाकावर घडलं.

पुढे मुलांनी आणखी एक गोष्ट शोधली. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका, या सूचना कुणाला उद्देशून आहेत? औषध विकत घेणाऱ्याला. फवारतो कोण? बहुतेक वेळा मजूर. त्याच्या हातात लेबल येतं का? पंपात भरून तयार झालेलं पाणी येतं. आणि पाणी आणून देणारी बाई तर लेबलात कुठेच नाही. तासाच्या शेवटी गटांनी आपलं लेबल तयार केलं. एका गटानं घरच्या बोलीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वाऱ्याच्या तोंडावर फवारू नको. हात धुतल्याबिगर तंबाखू चोळू नको.’ दक्षिण आफ्रिकेच्या हिलरी जँक्स मजकुराची ‘पुनर्रचना’ करण्यावर इतका भर का देतात, ते मला त्या वहीच्या पानावर कळलं. नुसती चिरफाड करून मुलांना घरी पाठवलं तर हाती फक्त संशय येतो. त्याच मजकुराला हात घालून तो नव्यानं लिहिता येतो हे कळलं की काहीतरी करता येतं ही जाणीव येते.

घरच्यांना हा पाठ सांगा.

आता नोकरीचं. इथे स्पष्ट बोलते, कारण या बाबतीत गोड बोलून अनेकांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. ‘क्रिटिकल लिटरसीचे प्राध्यापक’ अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, दक्षिण आफ्रिका इथल्या विद्यापीठांत साक्षरता-शिक्षणाचे स्वतंत्र विभाग आहेत, तिथे हे विशेषीकरण पदावर लिहिलेलं असतं. इथे तुम्ही शिक्षणशास्त्राच्या सहायक प्राध्यापक म्हणून लागाल, तुमच्या वाट्याला मराठी अध्यापन पद्धती, मूल्यमापन, कधी शैक्षणिक प्रशासनही येईल, आणि विषय तुम्हालाच त्यात न्यावा लागेल. त्यासाठी दारं आहेत. दोन वर्षांच्या बी.एड.च्या आराखड्यात ‘मजकुरांचं वाचन आणि त्यावर चिंतन’ असा एक घटक आहे आणि ‘अभ्यासक्रमभर भाषा’ असा दुसरा. बहुतेक ठिकाणी पहिला घटक म्हणजे एका पुस्तकाचा सारांश लिहून फाईल जमा करणं एवढाच उरतो. तो हातात घ्या. कुणी नको म्हणणार नाही, कारण तो कुणालाच नको असतो. माझं निम्मं काम त्या एका घटकात झालं आहे.

पात्रता अशी. शालेय विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा), किंवा पीएच.डी. तुमच्याकडे पहिली दोन आहेत. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती मराठीतून देता येते, तेव्हा आधी तीच द्या. नेटला दोन पेपर, १५० प्रश्न, तीन तास. पहिल्या पेपरला माणसं हलक्यात घेतात आणि तिथेच अडकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमबदलानंतर सहायक प्राध्यापक पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट-सेट पुरते. तरीही या विषयात राहायचं तर पीएच.डी. करा, पुढच्या बढत्यांसाठी आणि त्याहून जास्त म्हणजे एक गोष्ट चार वर्षं धरून बसायची सवय लागावी म्हणून.

पगाराचं. नियमित पदावर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर भत्ते. पण नियमित पद हे वाक्यातलं अवघड पद आहे. अनुदानित पदं थोडी, त्यांची भरती रखडलेली, आणि विनाअनुदानित बी.एड. कॉलेजांत कागदावरचा पगार आणि हातात येणारा पगार यांत अंतर असतं. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढलेली, नेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना एक पैसा मिळत नाही. मी स्वतः सुरुवातीची चार वर्षं एका कॉलेजात अशी काढली. पगाराच्या रजिस्टरवर सही एका रकमेची आणि पाकीट दुसऱ्या रकमेचं. तेव्हा गप्प राहिले याचं मला आजही वाईट वाटतं. मजकूर नीट वाचायला शिकवणारी बाई स्वतःच्या सहीखालचा मजकूर वाचून गप्प बसली.

म्हणून जिल्हा परिषदेची नोकरी सोडू नका. निदान नियमित पदाचं नियुक्तीपत्र हातात येईपर्यंत नाही. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी नोकरी देणाऱ्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात. अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून त्यासाठी वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. मसुदा स्वतः करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्या, कोरा अर्ज देऊन वाट पाहू नका. किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे किती जागा उरल्यात हे आधी विचारा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. आणि त्यांच्याकडे आधी पीएच.डी. पूर्ण केलेल्या एखाद्या मुलीला गाठून शांतपणे बोला. ही एक भेट तुमची दोन वर्षं वाचवेल.

शिवाय प्राध्यापक हे एकच घर नाही. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) अधिव्याख्याता म्हणून जाता येतं, तिथून जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांपर्यंत पोचता येतं. बालभारतीच्या अभ्यासगटांत शाळेतले शिक्षक लागतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या चित्रांत घरकाम करणारे बाबा दिसले, त्याची किती चर्चा झाली आठवतं ना? असा एकेक निर्णय कुणीतरी एका खोलीत बसून घेतलेला असतो. त्या खोलीत वर्गातून आलेली माणसं हवीत.

संशोधनाच्या विषयाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचारक्षमतेवर अमुक कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा विषय कृपा करून घेऊ नका. पूर्वचाचणी, तीस तासिका, उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थ, कार्यक्रम परिणामकारक. असे प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत. एकातही मुलाचं एक अख्खं वाक्य सापडलं नाही. मूल काय म्हणालं, कुठे थांबलं, कुणाकडे पाहून हसलं, हे ज्या प्रबंधात नाही त्यातून साक्षरतेबद्दल काय कळणार? तुमचा वर्ग हीच तुमची प्रयोगशाळा आहे आणि नऊ वर्षांचा विश्वास तुमच्या खात्यावर आहे, जो बाहेरून येणाऱ्या संशोधकाला मिळत नाही.

विषय नागपूरच्या भोवती पडलेले आहेत. भिवापूरच्या मिरचीच्या बाजारात तोलाईची पावती कोण वाचतं? बचत गटाच्या ठरावावर सह्या कशा होतात? कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांभोवतीच्या गावांत जनसुनावणीची नोटीस लागते, ती कोणत्या भाषेत असते आणि कुणाला कळते? आणि एक जागा मी माझ्या प्रत्येक तुकडीला दाखवते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर लागलेली पुस्तकांची दुकानं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धर्मांतर केलं. तेव्हापासून लोक येतात आणि परतताना पिशवीत पुस्तक असतं. एक वर्षी माझ्या विद्यार्थिनीनं यवतमाळकडून आलेल्या एका आजींना विचारलं, तुम्हाला वाचता येतं का? त्या म्हणाल्या, ‘नाही बाई. नातीकडून वाचून घेतो, अन् तिनं गाळलं तर मले समजते.’ माझ्या विद्यार्थिनीनं वहीत ‘निरक्षर’ असा रकाना आखलेला होता. तिनं तो तिथेच खोडला. साक्षरता मोजायची आपली फूटपट्टी किती आखूड आहे, हे त्या एका वाक्यावरून कळतं. त्यावर अख्खा प्रबंध होऊ शकतो.

मौखिकीत विचारतील, हा तर परदेशी विचार, आपला काय? त्याचं उत्तर तयार ठेवा. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये तिथल्या आंगिकोस गावात सुमारे ३०० शेतमजूर-कामगारांना ४० तासांच्या वर्गांत लिहाय-वाचायला शिकवलं, लोकांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. त्या काळी तिथे निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता, म्हणजे वाचता येणं म्हणजे थेट मतदार होणं. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली, फ्रेअरींना तुरुंगात टाकलं आणि मग देशाबाहेर जावं लागलं. अक्षरांची भीती कुणाला वाटते, ते त्यातून दिसतं. पण याच्या शंभरेक वर्षं आधी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदाएक वर्षांच्या मुक्ता साळवेनं ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. धर्मग्रंथ आम्हाला वाचायलाच मिळत नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिनं देवाला विचारला. कोणता मजकूर कुणाच्या हाती जाऊ दिला जातो, हा या विषयाचा गाभा आहे आणि तो चौदा वर्षांच्या मुलीनं मराठीत मांडून ठेवला आहे. १८८२ ला ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी मागितलं की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्यांच्यात मिसळतील असे. शिक्षक-शिक्षणाचा इतका नेमका विचार मला नंतरच्या अनेक अहवालांत सापडला नाही. आमच्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे त्याच वर्षी स्त्री-पुरुषांसाठी असलेल्या वेगवेगळ्या नियमांचा जाब विचारत होत्या. तेव्हा प्रबंधाचं दुसरं प्रकरण फ्रेअरींपासून सुरू करायची सक्ती नाही.

शब्दाचं एक. ‘चिकित्सक’ म्हटलं की आपल्याकडे भाजी निवडताना कटकट करणारं माणूस डोळ्यांपुढे येतं. ‘फार चिकित्सक आहे बाप्पा’ ही तक्रार असते. मी तरी हा शब्द सोडला नाही. भाजी उलटून पाहणारी बाई फसत नाही.

आता रोजचं काम. प्राध्यापकी म्हणजे व्याख्यानं असं वाटत असेल तर माझ्या दुचाकीनं या सव्वीस वर्षांत हिंगणा, कामठी, कळमेश्वर आणि शहरातल्या महाल, इंदोऱ्याच्या शाळा किती वेळा पाहिल्या ते विचारा. बी.एड.च्या दोन वर्षांत २० आठवडे शाळेत जायचे असतात, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत लिहायचं, हे मुख्य काम. शेऱ्याच्या रकान्यात ‘फलकलेखन सुवाच्य, प्रश्नांचे वितरण योग्य’ लिहून सही करता येते. किंवा एका मुलाच्या वहीवर थांबता येतं.

अशीच एक वही. चौथीतल्या मुलीनं लिहिलं होतं, ‘माही माय सकायी बगीच्यात जाते. मले तिचे डब्बे भरून द्या लागते.’ छात्राध्यापिकेनं लाल शाईनं ‘माही’, ‘सकायी’, ‘मले’, ‘द्या लागते’ कापून वर ‘माझी’, ‘सकाळी’, ‘मला’, ‘द्यावे लागतात’ लिहिलं आणि शेरा दिला, ‘शुद्धलेखन सुधारा’. पाठ संपल्यावर आम्ही दोघी शाळेच्या ओट्यावर बसलो. मी विचारलं, ही मुलगी काय सांगते आहे? ती म्हणाली, आई कामाला जाते. पुन्हा वाच, म्हटलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती थांबली. ‘मॅडम, डबे ही भरते. नऊ वर्षांची.’ चार शब्द दुरुस्त करताना वाक्य वाचायचं राहून गेलं होतं.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवायची नाही असा अजिबात नाही. ती पोरगी उद्या तलाठ्याच्या परीक्षेला बसेल, तिला ‘मला’ आलंच पाहिजे. इथे खरा पेच आहे आणि जँक्स यांनी तो मांडलाय. प्रमाणभाषा दिली तर तिचा दरारा वाढतो, नाही दिली तर मुलं दाराबाहेर राहतात. आम्ही वहीत दोन रकाने करतो. ‘घरी असं’ आणि ‘पुस्तकात असं’. कापणं नाही. आणि मुलांना विचारतो की पुस्तकात घरचं का नाही आलं? पाचवीतली मुलं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात मराठीतला पहिला गद्यग्रंथ, लीळाचरित्र, लिहिला गेला हे मी प्रत्येक तुकडीला सांगते. आपली बोली ही मराठीची बिघडलेली आवृत्ती आहे असं समजून आलेली विदर्भातली मुलं ते ऐकून ताठ बसतात.

माझी एक चूक सांगते, कारण तुम्हीही ती करणार. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका शाळेत दर गुरुवारी सहावीवर वाचनाचा तास घ्यायचे. ‘या चित्रात कोण नाही?’ हा माझा आवडता प्रश्न. सुरुवातीला मुलं शोधायची, वाद घालायची. दिवाळीनंतर एका गुरुवारी मी पान उघडायच्या आधीच हात वर झाले, ‘मॅडम, मुली नाहीत!’ पान उघडलं तर चित्रात तीन मुली होत्या. मुलं खदखदून हसली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. मी पाठांतराच्या जागी दुसरं पाठांतर बसवलं होतं. मॅडमला काय ऐकायचंय हे मुलांनी ओळखलं होतं, आणि तेच तर ती पहिलीपासून करत आली आहेत. फ्रेअरींनी ज्याला बँकेत ठेव ठेवल्यासारखं शिक्षण म्हटलं, तेच मी त्यांच्याच नावानं करत होते.

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आज तुम्ही विचारा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर ‘हजर’ सोडून काही बोलली नव्हती, म्हणाली, ‘मॅडम, यांच्या घरी नळ घरात आहे का?’ चित्रात स्वयंपाकघर होतं, ओटा होता, आणि तिची नजर नळावर गेली होती. मी त्या चित्रावर आठ वर्षं बोलत होते. बायका कुठे उभ्या आहेत, पुरुष कुठे, सगळं बोलून झालं होतं. नळ मला दिसला नव्हता, कारण माझ्या घरात नळ आहे. तेव्हापासून माझ्या टाचणात पहिली दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांची असतात आणि त्यात मी बोलत नाही. सोपं नाही ते. अजूनही जीभ वळवळते.

राहिलं इंग्रजी. ती भीती मलाही होती. पहिला लेख मी पेन्सिलनं शब्दार्थ लिहीत बारा दिवस वाचला होता. नागपूरकरांपाशी एक शिदोरी आहे जी पुण्याच्या माणसाला सहज मिळत नाही. आपण हिंदी वाचतो. फ्रेअरींचं मुख्य पुस्तक हिंदीत आहे, भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे नियतकालिक आहे, मराठीत ‘पालकनीती’ मासिक आहे. फुले, आंबेडकर तर मुळातूनच वाचायचे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघालं, त्याचे अग्रलेख एकेक करून मोठ्यानं वाचा, मजकूर वाचकाला कसा उभा करतो ते कानाला कळेल. इंग्रजी मग हळूहळू येतं, कारण काय म्हटलं असेल याचा अंदाज तुमच्यापाशी असतो. एकटीनं वाचू नका मात्र. केंद्रातल्या आणखी दोघी शिक्षिका शोधा, महिन्यातून एक शनिवार शाळा सुटल्यावर बसा आणि पाच पानांपेक्षा जास्त घेऊ नका. पैसे भरून लेख छापणाऱ्या मासिकांच्या वाटेला जाऊ नका, कितीही घाई असली तरी. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य मासिकांची केअर यादीच बंद केल्यावर तर कोणतं मासिक चांगलं हे ओळखायची जबाबदारी तुमचीच आहे.

आणि अर्ज, आराखडा, मार्गदर्शक या सगळ्याच्या आधी एक दोनशेपानी वही घ्या. रोज शाळा सुटली की दहा मिनिटं बसून, त्या दिवशी एखाद्या मुलानं कोणत्याही मजकुराबद्दल जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत उतरवा. मत लिहू नका, विश्लेषण लिहू नका. तारीख, मजकूर कोणता, मूल काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात. मे महिन्यापर्यंत हे टिकलं तर मला पुन्हा लिहा आणि त्यातली तुम्हाला सगळ्यात न कळलेली दोन पानं सोबत पाठवा, मुलांची नावं झाकून. आराखड्याचं आपण त्या पानांवरून बोलू.